निजलेल्या पोराची राखण

माझ्या तान्ह्या ओवीला न्हाऊ घालायला भागूमावशी फाटकाशी आली की आधी चपला हातात घ्यायची. बेल तिने कधी वाजवली नाही. उंबऱ्यातूनच खालच्या आवाजात विचारायची, "जागी हाय का निजली?" निजलीय म्हटलं की ओट्यावर बसून राहायची, मग अर्धा तास जावो नाहीतर तास. दहिवलीत बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणाऱ्या आणखी बायका होत्या. त्या ठरल्या वेळेला यायच्या, झोपलेलं मूल उचलून पायांवर घ्यायच्या, भराभर तेल-पाणी उरकून पुढच्या घराला लागायच्या. मावशीची मात्र या वाट बघण्यापायी घरं सुटायची. पाणी दोनदा तापवावं लागतं म्हणून माझ्या सासूबाई कुरकुरायच्या. मावशी ढिम्म.

ती राहायची पळसदरीला. सकाळच्या गाडीने कर्जतला उतरून पूल ओलांडून चालत यायची. अंगाने नुसती काडी, पण हात असा, की माझी ओवी तेल लागलं की रडणं विसरायची. न्हाणं झालं, धुरी झाली, ओवी पाळण्यात झोपली, तरी मावशीला निघायची घाई नसे. एकदा तिने मला खुणेने बोलावलं. ओवी गाढ झोपेत होती आणि तिची पावलं मात्र दुपट्याखाली चाळवत होती. "बघ, निजली हाय पन उजळणी चाललीय," मावशी म्हणाली. "दिवसा केलेलं झोपंत मुरतं, बाय. झोप मोडली का शिकलेलं सांडतं." मी बी.एड. झालेली शिक्षिका. मनातल्या मनात हसले.

पुढे हसू पळालं. ओवी आठ महिन्यांची झाली तरी रांगेना. हातागुडघ्यांवर उभी राहायची, डुलायची आणि सरकायची ती मागेच. शेजारचं तिच्याच वयाचं मूल घरभर फिरत होतं. माझा जीव टांगणीला. रजा संपायच्या आत ही रांगलीच पाहिजे, असं मी मनाशी घेतलं आणि घरात मास्तरकी सुरू केली. पुढ्यात खुळखुळा धरायचा, मागून गुडघे ढकलायचे, दुपारी पेंगायला लागली की तोंडावरून ओला हात फिरवून पुन्हा चटईवर पालथी घालायची. मावशीला हे कळलं तेव्हा ती माझ्यावर पहिल्यांदा चिडली. दमलेल्या पोराला जागं ठेवून काय शिकवतेस, म्हणाली. मी म्हटलं, मावशी, तुमच्या काळचं तुमच्यापाशी. असं बोलायला नको होतं.

संक्रांतीनंतर ओवीचं बोरन्हाण ठरलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सगळी तयारी झाली. मावशीलाही बोलावलं होतं. चार वाजता आळीतल्या बायका लेकरं घेऊन हजर, आणि ओवी नेमकी साडेतीनला झोपलेली. सासूबाई तिला उचलायला गेल्या, तर मावशी खोलीच्या दारात फतकल मारून बसलेली. "सकाळधरनं लई झटलीय पोर. उठवायची नाय," एवढंच म्हणाली. सासूबाई लालबुंद झाल्या, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला तासभर सगळ्या चहा-चिवड्यावर बसल्या. ओवी आपल्या वेळेने उठली. पाटावर बसवून तिच्या डोक्यावरून चुरमुरे, बोरं, हलवा ओतला, पोरांची वेचायची झुंबड उडाली. एक बोर घरंगळत भिंतीकडे गेलं आणि ओवी पाटावरून उतरून त्याच्यामागे निघाली. सरळ, पुढे. मी आनंदाने रडायला लागले आणि सासूबाईही विरघळल्या. बोरं-तिळगुळाची पहिली ओंजळ त्यांनी मावशीलाच दिली.

पाहुण्या गेल्यावर मी आत गेले, तर मावशी मोरीपाशी बसून पदराने डोळे पुसत होती. सासूबाईंचं रागावणं लागलं असेल असं मला वाटलं. पण ते नव्हतं. तिला एक मुलगा होता, दिगू. जन्मला तेव्हा बराच वेळ रडला नव्हता, निळा पडला होता. नवरा आधीच गेलेला, म्हणून दीड महिन्याच्या दिगूला झोळीत घालून ती घरोघर न्हाऊ घालायला जायची. प्रत्येक घरी त्याला झोळीतून काढून ओट्यावर ठेवायचं, काम झालं की पुन्हा उचलायचं. दिगू दीड वर्षाचा झाला तरी त्याने मान धरली नाही. बसला नाही, रांगला नाही. तिसऱ्या वर्षी तापात गेला. "लोकांची पोरं निजवली आन् माझ्या पोराला निजू दिलं नाय," मावशी म्हणाली. "धा घरांत धा वेळा त्याची झोप मोडली, बाय. मीच पांगळा केला त्याला."

पुढच्या महिन्यात ओवीच्या लसीला गेले तेव्हा मी बालरोगतज्ज्ञांना झोपेतल्या उजळणीचं आणि दिगूचं, दोन्ही विचारलं. ते म्हणाले, बाई म्हणते ते खरंच आहे, दिवसा केलेली हालचाल झोपेत मेंदूत पक्की होते. पण झोप मोडल्याने मूल किरकिरं होईल, एखादी गोष्ट थोडी उशिरा शिकेल. मान धरणारच नाही असं होत नाही. त्या मुलाला जन्मताना श्वास मिळाला नसणार, मेंदूला इजा तेव्हाच झाली असणार. आईचा त्यात काडीचा दोष नाही.

हे मी मावशीला त्याच दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. दिगूचं नाव तिने पुन्हा कधी काढलं नाही, मग मीच कशाला जुनं दुखणं उकरून काढू, असं वाटलं. मग माझी शाळा सुरू झाली, आणि ते राहूनच गेलं.

यंदा दिवाळीनंतर मावशी अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी पळसदरीला गेले. भाची तिला चमच्याने पेज भरवत होती. भाची भांडं ठेवायला बाहेर गेली, तेव्हा मी मावशीचा हात हातात घेतला आणि डॉक्टर म्हणाले होते ते सगळं सांगितलं. ती आढ्याकडे बघत ऐकत होती. मग डॉक्टर हे कधी म्हणाले, ते तिने विचारलं. ओवी वर्षाची व्हायची होती तेव्हा, मी म्हटलं. आता ओवी केवढी? पाच वर्षांची, मी म्हटलं.

"मंग येवढी वर्सं का नाय सांगितलंस गं?"

आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. चौथ्या दिवशी ती गेली.

जाण्याआधी तिला कळलं हेच खूप, असं सासूबाई म्हणतात. मला काही ते पटत नाही. ओवीचं न्हाणं कधीच बंद झालं होतं, तरी आठवड्यातून एकदा मावशी तिला बघायला येऊन जायची. मी तिला चहा करून द्यायचे, समोर बसायचे, शाळेतल्या गप्पा सांगायचे, आणि तुमचा दोष नव्हता, एवढं एक वाक्य तेवढं सांगायचे नाही.