जुन्या डिस्कची टकटक

ज्याला निवृत्त केलं म्हणून तुम्ही पत्रक काढता, तोच अजून कामावर आहे का, हे कधी तपासता?

मी तपासलं नव्हतं. रेवदंड्याला माझ्या काकीचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या कॉम्प्युटरवर मी हट्टाने लिनक्स घातलं होतं, म्हणजे कुणीही फुकट वापरावी अशी मोकळी सिस्टीम. विकतच्या सिस्टीमची चोरीची कॉपी वापरणं म्हणजे गुलामी, असं गिऱ्हाइकांसमोर भाषणही ठोकलं होतं. पुढे खाऱ्या हवेने म्हणा, वयाने म्हणा, हार्ड डिस्क टकटक करू लागली. काकीने अट घातली: सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर गेलं तर लिनक्स राहील, नाहीतर अलिबागचा मेकॅनिक येऊन त्याच्याकडची चोरीची कॉपी टाकेल.

दुपारभर बसून मी सगळं नव्या डिस्कवर उतरवलं आणि मशीन सुरू केलं. बिलं, अर्जांचे नमुने, सगळं जागेवर. मग त्याच मशीनवर ‘जुनी गेली, स्वातंत्र्य राहिलं’ असं पत्रक छापलं आणि प्रत्येकाच्या झेरॉक्समध्ये एकेक सरकवलं.

काकीने ते वाचलं. मी चहाला गेलो. मशीनचं कव्हर उघडंच होतं, जुनी डिस्क आत जोडलेलीच. तिने मशीन बंद करून जुन्या डिस्कची वायर उपटली. परत आलो तर बाकावर सुकट विकणाऱ्या दोघी ऐसपैस बसलेल्या.

“यांना दाखव तुझं स्वातंत्र्य,” काकी म्हणाली.

बटण दाबलं. काळा पडदा, त्यावर एकच ओळ: सुरू होण्याजोगी डिस्क नाही.

“टकटक थांबली न्हाय, तवाच समजलं. तुझं पत्रक पन जुनीनंच छापलं,” काकी म्हणाली.

मशीनला जागं करणारा छोटा प्रोग्राम मी नव्या डिस्कवर घातलाच नव्हता. पेनड्राइव्हवरून मशीन उठवून तो बसवला, सेटिंगमध्ये जुनीची ओळख खोडून नवीची लिहिली. दोघी हलल्या नाहीत. काकीने मेकॅनिकचा नंबर मोबाइलवर काढून ठेवला होता.

पुन्हा बटण दाबलं. मशीन उठलं, टकटकीशिवाय. काकीने मोबाइल गल्ल्यात टाकला.

जुनी डिस्क आता वाऱ्याने उडणारे कागद दाबून धरते. उरलेल्या पत्रकांत त्या दोघी सुकट बांधून देतात. इतका प्रसार माझ्या कुठल्याच पत्रकाचा झाला नव्हता.

तुम्हीही सिस्टीम नव्या डिस्कवर नेली असेल, तर कृपा करून आजच मशीन बंद करा, जुनीची वायर काढा आणि पुन्हा सुरू करून पाहा. पत्रक त्यानंतर काढा.