पोटातलं पोटात

सुईमाय पदराखाली पोट पुढे काढून रस्त्यानं चालू लागली की आमच्या गावाला कळायचं, कोणाच्या तरी घरी लेकरू झालं. तिला स्वतःला मूलबाळ नव्हतं आणि वय म्हणाल तर माझ्या आईहून बरंच जास्त. तरी दिवस भरत आलेल्या बाईसारखी, एक हात कमरेवर ठेवून, जपून पावलं टाकत ती यायची. पदराखाली असायचं दुपटं. बाळंतिणीच्या दारात पोचली की ते काढून घरच्या बाईच्या हातात द्यायची. घेणारीच्या हाताला आधी लागायची ती त्याची ऊब. "गार पांघरून लेकराच्या अंगावर घालू नाई," एवढंच म्हणायची आणि उंबरठा न ओलांडता मागे वळायची. परत जाताना पोट नसायचं. लहानपणी मला वाटे, लेकरं सुईमायच आणून देत असेल.

सेलूच्या बाजूचं आमचं गाव भाजीपाल्याचं. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवायचं आणि बाजाराच्या दिवशी सेलूला नेऊन विकायचं, यातच सगळ्यांचा जन्म गेला. सुईमायची वाडी आमच्या वाडीला लागून होती. तिचा नवरा पाणी धरायचा आणि ती बांधावरच्या लिंबाखाली सुई-दोरा घेऊन बसायची. गावात म्हणत, आधी सुईण, मग सुईमाय. एक लेकरू सोडवणार, दुसरी त्याला पांघरूण घालणार. तिचं खरं नाव काय होतं ते मला आजही सांगता यायचं नाही, आणि सांगितलं असतं तरी गावात कोणाला ओळखू आलं नसतं.

दुपटं काही विकायचं नव्हतं. ज्या घरात लेकरू येणार त्या घरातलं एक जुनं लुगडं तेवढं ती मागून घ्यायची. बाकी चिंध्या, दोरा, वेळ सगळं तिचं. दुपट्याच्या चारी काठांना क्रोशाची पांढरी झालर असे आणि सोबत क्रोशाचंच टोपडं. तिची क्रोशाची सुई म्हणजे मोडक्या छत्रीची काडी, दगडावर घासून टोकाला आकडा केलेली. माझी आत्या वर्ध्याहून तिच्यासाठी चांगली विकतची सुई घेऊन आली, तर सुईमायनं ती केसात खोचली आणि काडीनंच विणत राहिली. "ते सुई लय शहानी हाये बाई," म्हणाली, "माह्या हाताचं ऐकत नाई."

मागितलेल्या लुगड्यावरून मात्र घरोघरी धुसफूस व्हायची. आमच्याकडे लेकरू जन्मायच्या आधी त्याचं काही शिवत नाहीत. टाचणीएवढंही नाही, दृष्ट लागते. सुईमाय मात्र सुनेला दिवस गेल्याचं सासूलाही नीट कळलेलं नसताना लुगडं मागायला दारात उभी. कोणी हटकलं तर म्हणायची, "थंडी काय पंचांग पाहून येते?" यावर कोणी पुढे बोलत नसे. कारण सगळ्यांना माहीत होतं. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी तिलाही मुलगा झाला होता. पूस, म्हणजे पौष महिना होता. रीत पाळून कोणी काही शिवून ठेवलं नव्हतं. तिनं अंगावरच्या लाल लुगड्यात त्याला गुंडाळला. पण त्या थंडीला लुगडं कसलं पुरतंय? दिवस वर आला तोवर लेकरू गेलं होतं. त्याला नाल्याच्या काठी पुरला. नाव ठेवायलाही सवड मिळाली नाही. पुढं ती कोणाच्याही बारशाला गेली नाही. पाळण्यावर नाव घेतलं जायच्या वेळी वाडीत खाली मान घालून निंदण करत असायची.

दुपट्याच्या वरच्या आणि खालच्या पदरामध्ये ज्या चिंध्या भरतात त्याला आमच्याकडे पोट म्हणतात. बाकी काम सुईमाय चारचौघींत करायची, पोट मात्र घरात जाऊन, दार लोटून भरायची. मी एकदा विचारलं होतं, "सुईमाय, पोटात काय टाकतेस?" तिनं माझ्या गालाला चिमटा घेतला. "पोटातलं पोटात राहू द्यावं पोरी. बाहेर काढलं की थंड होते." टाके ती सैल घालायची. तिच्याजवळ बसून शिकताना मी घट्ट घातला की उसवायला लावायची, म्हणे लेकराला श्वास घेता आला पाहिजे. आत चिंध्याच तर आहेत, श्वास घेणारं कोण आहे, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगते, तिचा सुईमायशी काही संबंध असेल असं त्या वेळी कोणाला वाटलं नव्हतं. आमच्या गावची माणसं काठाला निजतात. खाट केवढीही असो, अगदी कडेला अंग चोरून निजायचं आणि अर्धी खाट मोकळी. मी लग्न होऊन कारंज्याला गेले तर सासूबाई हसून हसून बेजार. "काऊन वं सूनबाई, जागा कोनासाठी धरून ठेवतेस? मोटारीत बसली काय?" माझे यजमान म्हणत, तुमच्या गावी खाटा मोठ्या आणि माणसं बारीक दिसतात. मीही हसायची. सवय म्हणून सोडून द्यायची.

मी पहिलटकरीण म्हणून माहेरी आले त्या दिवाळीनंतरची गोष्ट. आमच्या घरामागच्या काकूंनी नातवाचं दुपटं नाल्यावर धुवायला नेलं आणि मोगरीनं असं बडवलं की शिवण उसवली. पोटातून एक लाल पट्टी बाहेर आली. विटलेली, बोटभर रुंदीची. आता दुपट्यात चिंध्या नसतील तर काय मोती असतील? पण पोटातल्या बाकी चिंध्या पसरून घातलेल्या होत्या आणि ही पट्टी मधोमध, घडी करून, चारी बाजूंनी टाके घालून बसवलेली. अंथरुणात असं काही शिवलेलं सापडलं की आमच्याकडे एकच शब्द तोंडात येतो. काकू ओल्या लुगड्यानिशी ओरडतच गावात आल्या, "करनी! करनी केली वं माय!"

घराघरांतून दुपटी निघाली. विळ्यानं, कात्रीनं, दातानं पोटं फाडली गेली, आणि प्रत्येकात तीच लाल पट्टी. पाळण्यातल्या लेकराच्या दुपट्यात, शाळेत जाणाऱ्या पोराच्या दुपट्यात. आईनं ट्रंकेतून माझं काढलं, माझ्या जन्माच्या वेळचं. त्यातही होती. आपण लहानपणभर जिला छातीशी धरून निजलो ती पट्टी आईच्या हातात पाहून माझ्या पोटातलं लेकरू एकदम फिरलं.

सुईमायच्या अंगणात बाया जमल्या. मीही आईच्या मागे गेले. काकूंनी पट्टी तिच्यासमोर धरली. "हे काय हाये? माह्या नातवाच्या उराशी काय शिवून ठेवलं तू?"

"लुगडं हाये," सुईमाय म्हणाली.

"कोनाचं?"

"माहंच. ज्याच्यात तो गुंडाळला होता." ती कोणाकडे पाहत नव्हती. "अर्धं त्याच्या संगं गेलं. अर्धं राह्यलं माह्यापाशी. तो एकटा निजते वं नाल्यावर. पूस महिन्यात लय थंडी राह्यते तिथं. म्हटलं, गावातल्या लेकरायजवय निजन. काई घेत नाई तो कोनाचं. जागा बी फार लागत नाई त्याले."

तिचा नवरा वाडीतून फावडं घेऊन येत होता, तो तसाच उभा राहिला. म्हणाला, "तिले काई म्हनू नका. लुगडं मीच फाडून देल्लं तिले. ते त्याले सोडून राहत नव्हती."

काकू आधी भानावर आल्या. "मेल्या लेकराचं चिंधूक आमच्या जित्या लेकरायच्या अंगाशी!" त्यांनी पट्टी भिरकावली. मग एकेकीनं आपापली पट्टी टाकली, दुपटीही तिथंच टाकली. घरी जाऊन लेकरांवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या. मी मागे वळून पाहिलं तेव्हा सुईमाय मातीतून पट्ट्या वेचत होती आणि एकेक झटकून ओच्यात घालत होती. तिनं एकदा माझ्या वाढलेल्या पोटाकडे पाहिलं आणि मान फिरवली. माझं दुपटं तिनं शिवायला घेतलं होतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

मग थंडी पडली आणि गावातली लेकरं निजेनात. दुपट्याशिवाय एकाचाही डोळा लागेना. नवी पांघरुणं घातली, सेलूहून ब्लँकेटं आणली. पोट्टी लाथा मारून सारी बाजूला करत. चार दिवस रडारड ऐकून एकेक बाई पदर सावरत सुईमायच्या दारी जाऊ लागली. तशी दुपटी चांगली आहेत हो, टाकून कशाला द्यायची, असं आपसांत म्हणत. सर्वांत आधी गेल्या त्या काकूच. सुईमायनं सगळ्यांची दुपटी शिवून ठेवली होती. ज्याची त्याला दिली. पोटात आता निव्वळ चिंध्या होत्या.

माझी आई मात्र हटून बसली. "तुह्या लेकराले तिचं दुपटं नको. मीच शिवतो." तिनं शिवलंही. आईचे टाके म्हणजे वांग्याचं पोतं शिवल्यासारखे. मी रोज त्याच्यावरून हात फिरवायची आणि मला रडू यायचं. सुईमाय यावी असंही वाटे आणि येऊ नये असंही वाटे. त्या पट्टीची मला भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण माझ्याच लेकरासाठी ती पोट पुढे काढून आली नाही तर लेकराचं काहीतरी राहून जाईल, हेही मनातून जाईना.

पुसातच मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सारं गाव ओट्यावर ऊन खात बसलेलं असताना, सुईमाय रस्त्याच्या मधून चालत आली. हात कमरेवर. पोट एवढं मोठं मी कधी पाहिलं नव्हतं. मला खाटेवरून दारातनं सगळं दिसत होतं. आई दार अडवून उभी राहिली.

"सुईमाय, पोटात काय हाये?"

"काई नाई वं. रिकामं हाये." तिनं दुपटं काढून पुढे केलं. "इस्वास नसन तं कात्री आन. उसवून पाह्य."

आईनं हात ठेवला. किती वेळ ठेवला कोणास ठाऊक. त्या हाताला काय लागलं तेही तिनं मला कधी सांगितलं नाही. पण ती कात्री आणायला गेली नाही. दारातून बाजूला झाली.

सुईमायनं पहिल्यांदा कोणाचा तरी उंबरठा ओलांडला. माझ्याजवळ बसली. आईचं पोतं अलगद काढून आपलं दुपटं लेकरावर घातलं. घालताना त्याला दोन्ही हातांनी उचलून थोडा कडेला सरकवला. "असा निजू दे त्याले," म्हणाली. तिचे हात गार होते. दुपटं एवढं उबदार आणि हात एवढे गार, हे माझ्या लक्षात राहून गेलं. जाताना तिचं पोट नव्हतं, आणि आईनं पाहिलं म्हणे, त्या दिवशी ती कमरेवर हात न ठेवता, ताठ चालत गेली.

त्याच उन्हाळ्यात ती गेली. मी कारंज्याला होते. आई लेकराला पाहायला आली तेव्हा तिनं सांगितलं. घर आवरायला आई आणि काकूच होत्या. छत्रीची काडी सापडली, केसात खोचायची विकतची सुई सापडली, गाठोडंभर चिंध्या सापडल्या. लाल पट्टी एकही नाही. आईनं तिच्या नवऱ्याला विचारलं, त्या पट्ट्या कुठं हायेत? म्हातारा म्हणाला, "तिनं निजवल्या." आणि उठून वाडीत पाणी धरायला गेला.

मग आमच्या दोघींचे डोळे एकदमच पाळण्यातल्या दुपट्याकडे गेले. ते जाड होतं. पहिल्यापासूनच जाड होतं.

"उसवू काय वं?" आईनं विचारलं.

"नको," मी म्हटलं. भीती होतीच. पण गावभर वाटलेला तो लेक परत गोळा करून तिनं माझ्या दारी आणला होता. त्याला पुन्हा मातीत टाकायचं माझ्यानं होणार नव्हतं. नाल्यावर त्याच्याजवळ निजायला कोणी नव्हतं, माझ्याकडे निदान माझा मुलगा होता. आई पुन्हा त्यावर बोलली नाही. मीही अजून उसवलेलं नाही.

आता ते दुपटं ट्रंकेत आहे, झालर पिवळी पडलेली. मुलगा चांगला बाप्या झाला, त्याच्या मिश्याही पांढऱ्या होऊ लागल्या. सुटीत येतो, पोटभर जेवतो आणि दुपारी आडवा होतो. एवढा मोठा पलंग, पण हा अगदी काठाला, एक हात खाली लोंबतोय. सून हसते. मी हसत नाही. तिची पाठ फिरली की त्याच्या अंगावरची चादर सारखी करते, आणि मग उरलेल्या बाजूवरचीही.