न मोजलेल्या भाकरी

रत्नाने आयुष्यात कोणाच्या भाकरी मोजल्या नाहीत. तिची ओळख करून द्यायची तर मी इथूनच सुरुवात करीन, कारण पुढे जे घडलं ते त्यातूनच घडलं. त्यातून आणि माझ्यामुळे. माझं नंतर सांगते.

शिनोली सोडली की भीमाशंकरच्या रस्त्याला एक फाटा वर चढतो. तिथल्या एका वाडीवर सातवीपर्यंतची शाळा आहे. मुलं अडतीस, शिक्षक दोन. मी त्यातली एक, घोडेगावहून स्कूटीवर जाते. रत्ना त्या शाळेत मुलांची खिचडी शिजवते. वय पस्तीस-छत्तीस, अंगाने काटकुळी, पण आवाज असा खणखणीत की समोरच्या माळावरची गुरंसुद्धा वळून बघतात. सरकारने एका मुलाला किती तांदूळ ते ठरवून दिलेलं आहे. रत्नाला ते मान्य नाही. मूल जोवर ताट पुढे करतंय तोवर तिचा डाव चालू. "पोरगं नको म्हनंस्तवर वाढायचं," ती म्हणायची. "सरकारला काय कळतंय कुनाच्या पोटात किती कावळं वरडत्यात ते?" आणि मी डबा उघडला की हमखास टोमणा, "मॅडम, चिमणीला वाढलंय का तुमाला?"

हा तिचा हट्ट कुठून आला ते तिनेच मला एकदा तांदूळ निवडताना सांगितलं होतं. आई लहानपणीच गेली, रत्ना मामाच्या घरी वाढली. मामी भाकरी मोजून टोपलीत ठेवायची. पोरांना दोन, रत्नाला एक. रत्ना दहा-अकरा वर्षांची झाली आणि तिची भूक एकाएकी वाढली. एक भाकर कुठे जायची ते कळायचंच नाही. मग तांब्याभर पाणी प्यायचं आणि पालथं झोपायचं. एकदा तिने अर्धी भाकर जास्त घेतली. दुसऱ्या दिवशी मामीने टोपली उचलून आढ्याला टांगली. "तवाच ठरवलं," रत्ना म्हणाली, "माझ्या घरात कुनी घास मोजायचा न्हाई." लग्न होऊन ती या वाडीवर आली, तर सासू बायडाबाईंचं (त्यांना ती आत्याबाई म्हणते) मतही तेच. खाणाऱ्याचा घास मोजला की त्याला दृष्ट लागते, खाल्लेलं अंगी लागत नाही, असं त्या भागात सगळेच मानतात. दोघींचं एवढ्या एका गोष्टीवर एकमत होतं. बाकी रोजची जुगलबंदी होतीच.

रत्नाची एकुलती एक मुलगी मोहिनी. माझ्याच सहावीच्या वर्गात, दुसऱ्या ओळीत बसायची. नाचरी, बडबडी पोर. गेल्या जुलैत, भातलावणी उरकली त्या सुमारास, तिची भूक वाढली.

रत्नाला कोण आनंद! जी भूक तिला स्वतःला गिळावी लागली होती तीच आता लेकीला लागली होती, आणि घरात नाचणी होती, तांदूळ होता. ती दुप्पट पीठ मळायला लागली. शाळेत खिचडीची तीन ताटं खाऊन मोहिनी घरी जाऊन परत जेवायची. पोरं तिला बकासुर म्हणायची आणि ती हसून चौथ्यांदा ताट पुढे करायची. तिचा बाप सुनील एकदा जेवताना बोलून गेला, "काय गं, पोटात बैल बांधलाय का?" तेव्हा बायडाबाईंनी त्याच्यावर असे डोळे वटारले की त्याने भाकर हातात घेतली ती तशीच धरून ठेवली. संध्याकाळी त्यांनी मीठ-मोहऱ्या घेऊन पोरीची दृष्ट काढली. त्यानंतर त्या घरात मोहिनीच्या खाण्याविषयी कोणी शब्द काढला नाही.

ऑगस्टमध्ये तिला तहान लागायला लागली. वर्गातून दर तासाला पाण्याला, पाण्याहून आली की लघवीला. मी एकदा चिडून म्हणालेही, "मोहिनी, तुझं बूड बाकाला टेकत नाही का गं?" ती काही बोलली नाही. पूर्वी ती उलट उत्तर द्यायची. पण उलट उत्तर न देणाऱ्या पोरीचं आम्हा शिक्षकांना कौतुकच वाटतं.

बायडाबाईंनी निदान करून टाकलं. पोरीला पदर यायची वेळ झाली, अंगात उष्णता वाढलीय, हाडं लांबताहेत. त्या वयाच्या मुलीला गूळ-तूप आणि डिंकाचे लाडू देतात, कंबर भरावी म्हणून. रत्नाने मंचरहून डिंक आणि खारीक आणली, लाडू वळले, डबा खालच्या फळीवर ठेवला, पोरीचा हात पोचेल असा. दोन अडीच आठवड्यांत तीन वेळा डबा भरला. हे मला रत्नानेच अभिमानाने सांगितलं. मलाही दोन लाडू दिले. फार चांगले झाले होते.

त्या भागात बिबट्याची भीती असते. अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर जायचं नाही, असं पोरांना आम्ही शाळेतही बजावतो. मोहिनीला रात्रीतून तीन-तीनदा उठावं लागे, म्हणून सुनील बॅटरी आणि काठी घेऊन दर वेळी तिच्याबरोबर जायचा. बिचारा झाडीत उजेड मारत उभा राहायचा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात ना, तसं सगळं घर बिबट्याची वाट बघत राखण करत होतं.

एके दिवशी भांडी घासता घासता रत्ना हसत म्हणाली, "मॅडम, पोरगी लाडू खात खात भायेर जाती का काय कोन जाणे. मागं बसती तिथं मुंग्याच मुंग्या. आत्याबाई रोज राख टाकत्यात, तरी दुसऱ्या दिशी हायेतच."

त्या शाळेत विज्ञान मी शिकवते. मी म्हणाले, "पावसाळ्यात मुंग्या निघतातच." आणि हजेरीपट मिटून निघाले. ते वाक्य मला अजून ऐकू येतं.

आता माझं सांगते.

दर सहा महिन्यांनी मुलांची उंची आणि वजन घेऊन आरोग्याच्या रजिस्टरात लिहायचं असतं. उंची आम्ही भिंतीवरच्या पट्टीने घेतो. वजनकाटा मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच बिघडला होता. कोणीही उभं राहा, सुई अकरावर. स्कूटीवरून घोडेगावला दुरुस्तीला न्यायचा म्हणता म्हणता जून गेला, जुलै गेला. ऑगस्टच्या शेवटी माहिती पाठवायची वेळ आली. मी फेब्रुवारीचे आकडे समोर घेतले आणि प्रत्येक मुलाच्या वजनात दोन किलो मिळवले. अडतीस मुलं, वीस मिनिटांचं काम. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, म्हणून इतरांच्या कारभाराला नावं ठेवण्यात माझी हयात गेली. मोहिनीचे फेब्रुवारीत एकतीस होते. मी तेहतीस लिहिले.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात रत्ना मधल्या सुट्टीत वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. हाताला खिचडीचं खरकटं तसंच होतं. एरवी ती आत येऊन धपकन बसायची. त्या दिवशी उंबऱ्यावरच थांबली.

"मॅडम, काल मोहिनीला न्हायला घातली. पाठीची हाडं हाताला लागली ओ. आत्याबाई म्हनत्यात उंची निघाली की पोर बारीक दिसतीच. पन परकराचं बंद दोनदा आवळून बांधलं मी. एवढं खाती, मंग जातं कुठं?" तिने आवाज खाली आणला. "दवाखान्यात दावू का? का उगा माझंच मन वंगाळ?"

मी मोहिनीकडे बघायला हवं होतं. ती दहा पावलांवर भिंतीला टेकून बसली होती. पण कागद समोर असला की माणसाकडे कशाला बघायचं, ही आमची सवय. मी कपाटातून रजिस्टर काढलं, पान उघडलं आणि बोट ठेवलं.

"हे बघ. फेब्रुवारीत एकतीस, आता तेहतीस. दोन किलो वाढलीय."

मी स्वतः आठ दिवसांपूर्वी ठोकून दिलेला आकडा मी तिला वाचून दाखवला. आणि सांगायला लाज वाटते, पण वाचताना मला तो खराच वाटला. अक्षर माझं, शाई निळी, खाली सही.

रत्नाचा चेहरा खुलला. तिने खरकटेच हात जोडले. "लई बरं झालं मॅडम. जिवाला घोर लागला व्हता." ती गेली आणि त्या दिवशी मोहिनीला तिने शाळेतच स्वतःच्या हाताने भरवलं. दवाखान्याचा विषय संपला.

सहाव्या दिवशी मोहिनीने दुसऱ्या तासाला वर्गात उलटी केली. पोट धरून वाकली. मी जवळ गेले तर तिचा श्वास खोल आणि भराभर चालला होता, डोंगर चढून आल्यासारखा, आणि त्याला पिकून उतरलेल्या केळ्याचा वास येत होता. मी तिला उचललं. सहावीतली मुलगी मला उचलायला जमायला नको होती. ती सहज उचलली गेली. रत्ना चुलीपासून धावत आली. वाडीतल्या एकाची जीप मिळाली. घोडेगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब मशीनला लावला. साखर इतकी वर होती की मशीनला आकडा दाखवता येईना. सलाईन लावून त्यांनी तिला तशीच ॲम्ब्युलन्सने पुण्याला रवाना केली. ॲम्ब्युलन्सचं दार लावताना रत्ना मला म्हणाली, "मॅडम, शिजत घातलेलं उतरवा तेवढं." मी शाळेत परत येऊन पातेलं उतरवलं. पोरं ताटं घेऊन ओळीत बसली होती. कोणी मागितलं नाही, कोणी उठलंही नाही.

दोन दिवस मोहिनी शुद्धीत नव्हती. ती वाचेल की नाही हे सांगायला कोणी तयार नव्हतं. तिच्या शरीरात साखर वापरण्यासाठी लागणारं इन्सुलिन तयार होणंच बंद पडलं होतं. खाल्लेल्याची सगळी साखर रक्तात साठायची आणि लघवीवाटे निघून जायची, मुंग्या यायच्या त्या तिलाच; अंगाला काही लागायचं नाही. पोर दिवसभर खात होती आणि उपाशी मरत होती. सुनीलने हे मला फोनवर सांगितलं तेव्हा तो रडत होता. "आमी लाडू घालत व्हतो ओ मॅडम," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होता.

तिसऱ्या दिवशी ती शुद्धीवर आली आणि चौथ्या दिवशी मी पुण्याला गेले. रत्ना पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती. मोहिनी चादरीखाली होती की नाही ते नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं. आता तिला जन्मभर दिवसातून तीन-चार वेळा सुई टोचून घ्यावी लागणार होती आणि प्रत्येक घास मोजून खावा लागणार होता. तेवढ्यात डॉक्टर आल्या, तरुण होत्या, रात्रभर जागलेल्या दिसत होत्या.

"हिचं वजन चोवीस भरलंय. आजारी पडण्याआधी किती होतं?"

"तेहतीस," रत्ना म्हणाली.

"कधी?"

"मागल्या आठवड्यात."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "अहो, आठवड्यात नऊ किलो उतरतात का? हे दोन महिने चाललेलं आहे. पोर अशी वाळत असताना तुम्ही बघितलं नाही, आणि आता खोटं सांगताय?"

शेजारच्या पलंगावरच्या बायका वळून बघायला लागल्या. रत्नाचा तो खणखणीत आवाज कुठे गेला कोण जाणे. ती हळू म्हणाली, "खोटं न्हाई ओ. ह्या मॅडमनी रजिस्टर बघून सांगितलंय. ह्या काय, हितंच हायेत. इचारा त्यांना."

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या.

मी गप्प बसू शकले असते. काटा बिघडला होता, एवढं म्हणून सुटू शकले असते. पण मी म्हणाले, "तो आकडा माझा आहे. मी वजन घेतलंच नव्हतं. जुन्यात दोन मिळवून लिहिले."

डॉक्टरांनी कागदावर एक ओळ खोडली आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

रत्ना मात्र माझ्यावरून नजर काढीना. मला वाटलं, आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. तेवढ्यात मोहिनीने डोळे उघडले. "आई, भूक लागली गं."

रत्नाने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग उशाशी लावलेल्या जेवणाच्या वेळांच्या कागदाकडे. "अजून पाऊण तास हाय बाळा."

"अर्धीच दे."

"न्हाई."

मोहिनीने तोंड भिंतीकडे वळवलं. रत्नाने तिची चादर सारखी केली, आधीच सारखी होती ती परत केली. मग माझ्याकडे न बघता बोलली.

"मॅडम, मी मोजलं न्हाई, ते माझी पोर उपाशी ऱ्हाऊ नये म्हून. तुमी कशापायी मोजलं न्हाई?"

वजनकाटा पायापाशी ठेवला की स्कूटीवर पाय अवघडतात. माझ्याजवळ उत्तर होतं ते एवढंच, आणि ते तिला द्यायची माझी हिंमत झाली नाही.