चौदा नंबरची बंडी

लेफ्टी सरांची नजर चुकत नाही, असं सगळं गाव म्हणायचं आणि सरांनाही ते गोड लागायचं. का लागू नये? डाव्या पायाने फुटबॉलचं मैदान गाजवलेला माणूस. सव्विसाव्या वर्षी गुडघा गेला आणि सगळंच मुसळ केरात. मग पोरांना शिकवायला लागले, मोठ्या क्लबासाठी पोरं हेरायला लागले. बायको म्हणायची, "घरातला गळका नळ दिसत नाही, आणि म्हणे नजर!" पण नजर होती. तेवढीच उरली होती.

चाचणीला ते पोरांचे चेहरे बघत नसत. चेहरा बघितला की दया येते, म्हणायचे. बंडीवरचा नंबर बघायचा आणि तोच वहीत लिहायचा. त्या वर्षी जागा एकच होती. चौदा नंबरच्या डावखुऱ्या पोराने पहिल्या अर्ध्या तासात असा काही खेळ केला, की सरांनी चौदाखाली दोन रेघा मारल्या आणि पुढचा सगळा वेळ गोलकीपर बघण्यात घालवला. शेवटी बंड्या गोळा करताना ज्याच्या अंगात चौदा निघाली, त्याचं नाव लागलं.

आठवड्याने ते पोर सरावाला आलं. डावा पाय नुसता टेकण्यापुरता!

"अरे, चौदा तूच ना?"

"हो सर. मध्यंतरात एकाशी बदलली. त्याला घट्ट होत होती."

सरांनी वही मिटली. क्लबात जाऊन एवढंच सांगायचं होतं, की माझी चूक झाली. पण नजरही गेली म्हटल्यावर या लंगड्याला विचारणार कोण? गडी मिठाची गुळणी धरून बसला, झालं. निवडलेलं पोर वर्षभरात घरी परतलं. नशीब त्याचं, असं म्हणून लोकांनी विषय संपवला.

परवा, वीस वर्षांनी, चाचणीच्या रांगेत एक टायरवाला मुलीला घेऊन उभा होता. चेंडू घरंगळत त्याच्याकडे आला. त्याने तो डाव्या पायाने असा परत दिला, की सरांना चौदाखालच्या त्या दोन रेघा आठवल्या.

"सर, मीही आलो होतो तुमच्याकडे," तो हसत म्हणाला. "घेतलं नाहीत ते बरंच केलंत. वडील म्हणाले, त्यांची नजर चुकत नाही, उगाच आस लावू नकोस. त्याच दिवशी बूट देऊन टाकले. हिलाही स्पष्ट सांगा. तुम्ही सांगाल ते खरं."

खरं सरांच्या ओठांपर्यंत आलं होतं. हलकट माणूस, तिथूनच गिळलंन् त्याने! दुखरा गुडघा वाकवून ते मुलीपुढे बसले, आयुष्यात पहिल्यांदा चाचणीतल्या कुणाचा तरी चेहरा नीट बघितला.

"बंडी कुणाशी बदलू नकोस हं. घट्ट झाली तरी."

"सैल आहे, सर."

"सैल असली तरी."

टायरवाल्याने कौतुकाने मुलीच्या पाठीवर थाप मारली. "बघितलंस? किती बारीक लक्ष असतं सरांचं!"