उशाशी उपडी वाटी

दुपारी लेक बाहुलीला झोपवत होती. दुपट्यात गुंडाळलं, थोपटलं आणि मग तिच्या उशाशी भातुकलीतला तांब्या ठेवून त्यावर वाटी उपडी घातली.

गावी भूकंपात आमचं घर गेलं, माझी शाळाही सातवीतच सुटली. तेव्हापासून आई उशाशी तांब्यावर वाटी ठेवून झोपायची. जमीन हलली तर वाटी पडून जाग यावी म्हणून. लग्नानंतर मी एवढ्या लांब सुरतेला आले. इथं सगळं चांगलं मिळालं, देवाची कृपाच म्हणायची. तरी वाटी ठेवल्याशिवाय माझी पाठ टेकत नाही. पण लेकीला यातलं मी कधीच काही सांगितलं नव्हतं.

"हे काय गं?"

"अगं आई, वाटी ठेवल्याशिवाय झोप येते का कुणाला?"

हसावं की रडावं, कळेना. आपल्याकडून पोरीला मिळाली ती ही धास्तीच, असं वाटलं. वाटी उचलायला हात पुढे करत मी विचारलं,

"आणि पडली तर?"

"तर आधी शेजारच्या आजींना उठवायचं. त्यांना कमी ऐकू येतं ना!"

रस्त्यावरून ट्रक गेला नि वाटी पडली की मी धावत जाऊन आजींचं दार ठोठावते. हिनं ते पाहिलंय तर! आणि भूकंपाच्या त्या पहाटे, मला अंगणात बसवून माझी आईही अशीच गल्लीभर दारं ठोठावत फिरली होती.

मी हात मागे घेतला. धास्तीचं बोट धरून हे दुसऱ्याचं दार ठोठावणंही इथवर चालत आलंय. मग येऊ देत दोघंही.