कांड्यांची पाटी आणि तीन मांजरे

सत्तरच्या दशकाच्या मध्याला भिवंडीतल्या आमच्या घरात दोन खोल्या, तीन माणसे आणि तीन मांजरे होती. माणसे म्हणजे सासूबाई, नवरा आणि मी. मांजरांपैकी दोन सासूबाईंची. करडी म्हातारी होती, अंग राखेच्या रंगाचे आणि चारही पंजे पांढरे. तांबडा हा तिचाच पोरगा, एक आडमाप बोका. तिसरी कबरी माझी.

कबरी उशिरा आली. माझ्या लग्नानंतर चार महिन्यांनी कल्याणचे माहेरचे घर रिकामे झाले. वडील निवृत्त होऊन आईसह भावाकडे नागपूरला निघाले, आणि मांजर आगगाडीत नेणार नाही, असे भावाने कळवले. मी कबरीला झाकणाच्या करंडीत घालून एसटीने आणले. कोनपर्यंत ती ओरडत होती. कोनच्या पुढे ती गप्प झाली आणि तिच्याऐवजी मला धास्ती वाटू लागली.

सासूबाईंनी करंडीचे झाकण उचलून आत पाहिले.

"सून आली तवा करवली आली न्हवती," त्या म्हणाल्या. "ती आता आली म्हनायची."

पण त्यांनी बशीत दूध ओतले, आणि तेवढ्यावर तो विषय संपला.

आमच्या घराची मागची भिंत आणि यंत्रमागाच्या कारखान्याची भिंत एकच होती. सकाळी सातपासून लूमचा आवाज असे. वीज गेली तरच तो थांबे. नवरा कल्याण रस्त्यावरच्या एका कारखान्यात जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. सासूबाई घरी कांड्या भरून देत. कांडी ही लूमच्या धोट्यात बसणारी लाकडी नळी. तिच्यावर चरख्याने आडवे सूत गुंडाळायचे. भरलेल्या कांड्या वेताच्या पाटीत रचून ठेवायच्या आणि दर शनिवारी कारखान्याचा मुकादम टेम्पो घेऊन आला की त्याच्या स्वाधीन करायच्या. हे काम त्या तरुणपणी विधवा झाल्यापासून करत होत्या. माझ्या नवऱ्याचे शिक्षण त्यावर झाले होते.

करडी आणि तांबडा यांच्यासाठी मोरीच्या कोपऱ्यात राखेचा डबा असे. तेलाचा पंधरा किलोचा पत्र्याचा डबा आडवा कापायचा, कडा आत ठोकायच्या आणि त्यात चुलीतली राख पसरायची. सासूबाई रोज सकाळी वरची ओली राख काढून टाकत. घरात कधी वास आला नाही, असे त्या सांगत आणि ते खरे असावे. मात्र मी आले त्याच सुमारास चूल जाऊन घरात रॉकेलचा स्टोव्ह आला. राख संपली. त्यात मांजरे दोनाची तीन झाली.

नवऱ्याने काल्हेरच्या बंदरावरून ओळखीने दोन पाट्या रेती आणली. रेती फुकट मिळाली आणि ती बारीकही होती, त्यामुळे आम्ही तिघेही खूश झालो. ती खाडीची आहे आणि खारट रेती हवेतले पाणी धरून ठेवते, हे आम्हाला आठवड्याने कळले. डबा कधी सुकेच ना. मांजरे त्यात एक पाय टाकून झटकत आणि मागे फिरत. ती रेती फेकून नवऱ्याने सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावण्याच्या कारखान्यातल्या बॉयलरची राख आणायला सुरुवात केली. ती भरड, पण कोरडी होती. मांजरे पुन्हा डब्यात जाऊ लागली आणि प्रश्न मिटला, असे आम्ही समजलो.

मग एका शनिवारी मुकादम आला, तो दहा-बारा कांड्या परत घेऊन. तो उत्तरेकडचा, आमच्या गल्लीत वीस वर्षे वावरलेला. सासूबाईंना मौसी म्हणे.

"मौसी, सूँघो," त्याने एक कांडी पुढे केली.

"मला सर्दी झालीया."

"सर्दी में भी आएगी. पूरे थान में पीली पट्टी पड़ी है. सेठ बोला है, अब की बार हुआ तो कांडी दूसरे घर भरवाएँगे."

सासूबाईंनी कांडी हातात घेतली. ती नाकाला लावायची गरज नव्हती; मांजराच्या मुताचा वास हातभर लांबूनच येत होता.

"जुनी दोनी इतकी वर्सं हायत," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "कदी काय झालं न्हाय."

"तो नई वाली मेरे को दे दो. कोन के गोदाम में चूहे बोरियाँ काट रहे हैं. अगले शनिचर ले जाऊँगा, वहाँ मज़े में रहेगी."

"न्या की."

मुकादम गेल्यावर मी विचारले, "आई, कबरीनंच केलं कशावरून?"

"मंग कुनी केलं? मी?"

नवरा जेवत होता. तो म्हणाला, "आये, पुरावा न्हाय."

"पुरावा तुज्या नाकाखाली हाय. कारखान्यात कांड्यांची बुडं रंगवतात ना, एका नंबराचं सूत दुसऱ्यात जाऊ नये म्हनून? तशी मांजरं रंगव, म्हंजी दिसंल."

हे त्या चिडून बोलल्या होत्या. नवऱ्याने ते मनावर घेतले. सोमवारी त्याने कबरीच्या पंज्यांना खोबरेल तेलात कालवलेला गेरू लावला आणि तांबड्याच्या पंज्यांना हळद. करडीला हात लावू द्यायला सासूबाई तयार झाल्या नाहीत. तांबड्याने आपली हळद चाटून संपवली, मग कबरीचा गेरू. दहा मिनिटांत दोघांचे पाय धुतल्यासारखे होते. नवऱ्याच्या मनगटावर मात्र तीन ओरखडे उरले.

त्या ओरखड्यांना तो तेल चोळत होता, तेव्हा मला सुचले की मांजराऐवजी जागा रंगवावी. मंगळवारी आम्ही एका रिकाम्या पाटीत फुकट गेलेल्या सुताची गुंतवळ भरली, वर जुने पोते टाकले आणि पोत्यावर कपड्याला घालायची नीळ कोरडीच भुरभुरली. खऱ्या कांड्यांची पाटी माळ्यावर सुताच्या गोण्यांशेजारी नेऊन ठेवली.

बुधवारी दुपारी वीज गेली, लूम थांबले. मी नळावरून हंडा घेऊन आले तर पोते सरकलेले होते आणि ओले होते. प्रथम कबरीला धरले. तिचे चारही पाय उलटेपालटे करून पाहिले, बोटांच्या मधेही पाहिले. स्वच्छ. तांबडा दाराशी झोपला होता. तोही स्वच्छ. करडी तिच्या नेहमीच्या खिडकीत नव्हती.

ती खाटेखाली निघाली. सासूबाईंनीच तिला ओढून बाहेर काढले. पांढरे पंजे निळे झाले होते. ते चाटून नाकाचा शेंडाही निळा झाला होता. तिने तोंड उघडून आवाज काढला तेव्हा जीभसुद्धा.

"काय गो बाय," सासूबाई तिला म्हणाल्या. "तूच का?"

त्यांनी ओल्या फडक्याने तिचे पाय पुसले. मला हायसे वाटले होते, पण ते संध्याकाळपर्यंतच टिकले. दिवे लावून झाल्यावर त्यांनी विचारले, "आता हिला धाडायची का कोनला? शेट तर काम काढून घेनार."

हा प्रश्न त्यांनी मला विचारला होता. करडीचे वय चौदा होते. गोदामात ती उंदीर धरणार नव्हती. मी म्हटले, "एक दिवस थांबू. ती असं का करते ते तरी बघू."

गुरुवारी मी घरची कामे मोरी दिसेल अशा जागी बसून केली. मोरीला एकच दार होते आणि कबरी त्याच्या उंबऱ्यावर बसून होती. तिथे गारवा होता, म्हणून ती बसत असेल. दहाच्या सुमाराला करडी आली. दोन हातांवर थांबली. कबरीने मान वळवून तिच्याकडे पाहिले, बस एवढेच. करडी परत फिरली. अर्ध्या तासाने पुन्हा आली, पुन्हा फिरली. तांबडा आला तो कबरीच्या अंगावरून उडी मारून आत गेला. दुपारी करडी तिसऱ्यांदा आली आणि तिथून सरळ पोत्याच्या पाटीकडे गेली.

मी पाहिलेले सगळे सासूबाईंना सांगितले, कबरीचा भाग न वगळता.

"म्हंजी नाकाबंदी तुजीची, अन् घान माजीची," त्या म्हणाल्या. मग हसल्या. माझ्या आठवणीत त्या माझ्यासमोर मोकळेपणी हसल्याची ही पहिलीच वेळ.

शुक्रवारी कारखान्यांना सुट्टी होती. नवऱ्याने आणखी दोन डबे कापले. एक मागच्या दाराशी पाण्याच्या पिंपाशेजारी ठेवला, तिथे दोन्ही बाजूंनी वाट होती. दुसरा बाहेरच्या खोलीत खाटेखाली, करडी लपली होती त्या जागी. बॉयलरची राख तिन्हीकडे पुरेना, म्हणून सासूबाईंनी जवळच्या शेलार गावी आपल्या माहेरी निरोप पाठवून भाताच्या गिरणीतले तूस मागवले. तूस आणि राख निम्मे निम्मे घातले. राख एकटीच असली की पंज्यांना चिकटून घरभर उमटे. तूस मिसळल्यावर ते थांबले, आणि ओला भाग गोळा होऊन एकदम उचलता येऊ लागला.

दुपारपर्यंत करडी मागच्या दाराच्या डब्याकडे नुसती बघत होती. चारच्या सुमाराला ती आत उतरली, तिने बराच वेळ उकरले, आणि मग नीट झाकले. सासूबाई चरखा थांबवून बघत होत्या. संध्याकाळी ती पुन्हा तिथेच गेली. पोत्यावर नवी नीळ भुरभुरली होती, ती शनिवारी सकाळी जशीच्या तशी होती.

पण एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, आणि मुकादम येणारच होता. मी सकाळी लवकर कबरीला करंडीत घालून माळ्यावर ठेवले.

तो आला तेव्हा त्याच्या हातात गोणपाटाची रिकामी पिशवी होती. नवऱ्याने माळ्यावरून कांड्यांची पाटी उतरवून दिली. मुकादमाने वरच्या, मधल्या, तळाच्या कांड्या काढून हुंगल्या. मग पाटी खांद्यावर घेतली.

"ठीक है. बिल्ली किधर है?"

"कंची?" सासूबाईंनी विचारले.

"अरे, नई वाली. मौसी, आपने बोला था."

"बोलले व्हते. तिची काय चूक न्हाय. आमची तिनी आमाला लागतात."

"तो मेरे गोदाम के चूहे?"

"उंदीर तुमचे, मांजर तुमी शोदा. न्हायतर बोका न्या. धरून दावा, अन् न्या."

तांबडा तेवढ्यात कौलांवर गेला होता. मुकादमाने वर पाहिले, पिशवी घडी घालून काखेत मारली आणि हसत टेम्पोत बसला. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी दारात उभी होते. नंतर आत आले.

"आई," मी म्हटले, "मी कबरीला माळ्यावर लपवलं होतं."

"मला ठावं हाय. तुजी करंडी सरकवूनच मी माजी करडी टोपलीखाली ठेवलीया. कुनाला न्यायचं त्याच्या मनात येईल, कोन सांगनार?"

नवरा शिडीवर चढला. करंडी आणि टोपली शेजारी शेजारी होत्या, वर एकेक लाकडी फळी दाबून ठेवलेली. दोन्हींतून आवाज येत नव्हता.

"आये, दोघी गप हायत," तो वरून म्हणाला.

"गप हायत? आरं, सुताच्या गोन्या हायत तितं, अन् डबा न्हाय एक बी!" सासूबाई उठल्या. "उतरव त्यांना! आदी माजी दे, ती म्हातारी हाय."

करडी खाली येताच मागच्या दाराकडे गेली. कबरी मोरीत गेली. सासूबाईंनी दोन्ही दिशांना कान देऊन, दोन्हीकडे उकरल्याचा आवाज येईपर्यंत वाट पाहिली आणि मग मला चहा टाकायला सांगितले.