दहा लाख एक

कॉलेजातल्या निबंधांपलीकडे मी कधी काही लिहिलेले नाही. आमच्या घरात शाळेत गेलेला मीच पहिला. अशा मुलाने वाचकांपुढे एखाद्या माणसाचे चित्र उभे करावे, हे धाडसच आहे. त्याबद्दल क्षमा असावी. गुलाबविषयी चांगले लिहिणे मला सोपे जात नाही, हेही सांगून टाकतो.

गुलाब मुलाणी लोणावळ्याजवळच्या वलवणचा, किराणा दुकानदाराचा मुलगा. पुण्याच्या कॉलेजात आम्ही एका बाकावर बसत असू. मोठी संख्या दिसली की तो तिचा स्वभाव सांगायचा. सात लाख वीस हजार सातशे वीस ही त्याची लाडकी. "लय लेकुरवाळी बाई! एकापासनं सोळापर्यंत कुणीबी येऊ दे, भाग जातुयाच." जिला एक आणि ती स्वतः यांशिवाय कशानेही भाग जात नाही, ती 'एकांडी'. मुले हसत. मीही हसे, पण हे मला का सुचले नाही, या विचाराने जेवण गोड लागत नसे.

मला गणितात पहिला नंबर हवा होता. वडिलांनी तसे गावभर सांगूनही ठेवले होते. मी दर वेळी दुसरा.

एकदा प्रोफेसरांनी फळ्यावर दहा लाख एक लिहिले आणि विचारले, "ही एकांडी आहे का?" गुलाबचा शब्द त्यांनीही उचलला होता! मी रविवारभर ओसरीवर भागाकार करत बसलो. सत्त्याण्णवपर्यंत कशानेच भाग जाईना. आता शंभराच्या पुढे काय जायचे, असे मनाने घेतले. सोमवारी मी उठून म्हणालो, "एकांडी, सर."

"थांब की रामा, एकशे एकानं बघ," असे म्हणत गुलाब फळ्याकडे गेला. त्याने उजवीकडून दोन-दोन अंक वेगळे केले. "बैलं जुंपल्यावानी जोड्या धरायच्या. एक जोडी मिळवायची, फुडली वजा करायची. शेवटाला शून्य उरलं, की एकशे एकानं भाग गेला." शून्यच उरले; भागाकार आला नऊ हजार नऊशे एक. ती मात्र एकांडी, असेही त्याने सांगितले. बैल आमच्या गोठ्यात, आणि जोड्या सुचल्या दुकानदाराच्या पोराला!

ती नऊ हजार नऊशे एक तरी फुटावी, म्हणून मी सुटीभर तिच्या मागे लागलो. पुन्हा सत्त्याण्णवपर्यंत गेलो. शंभराचा वर्गच दहा हजार, म्हणून या वेळी तेवढे पुरेसे होते.

"फुटली का रं?" गुलाब भेटला की विचारायचा.

"नाही."

"फुटायची न्हाई. पर तू लय नेटानं भागतोस. मला तर कट्टाळा येतुया."

तो मनापासून कौतुक करत होता. मला तेच टोचायचे.

यंदा कॉलेज उघडले, पण गुलाब आला नाही. परीक्षा जवळ आली तरी त्याचा पत्ता नाही. शेवटी लोणावळ्याच्या बाजारात त्याचे वडील भेटले.

"चाचा, गुलाब कुठे आहे?"

"रंगूनला. मामाच्या दुकानात. आता तितंच ऱ्हाणार."

"आणि परीक्षा?"

"म्याबी त्येच म्हणलो, पहिला नंबर सोडून कुटं जातुस? तर हसला. म्हणला, नंबर रामाला पायजे, मला काय करायचाय?"